मोबाइल रिसीव्हरमधला इंटरफेरन्स आणि अँटेना अ‍ॅरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेस स्टेशनवर, म्हणजे मोबाइलच्या टॉवरवर, दोन, चार, आठ अँटेना का लावतात असं विचारलं, की ‘सिग्नल वाढावा म्हणून’ हे उत्तर पटकन येतं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. सिग्नल वाढवायचे इतरही मार्ग आहेत. एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी येणाऱ्या दोन सिग्नलांपैकी आपला ठेवायचा आणि दुसरा वजा करायचा, हे काम मात्र अशा अनेक अँटेनांच्या गटाइतकं, म्हणजे अ‍ॅरेइतकं चांगलं दुसरं कोणी करत नाही. हे पान त्या वजाबाकीबद्दल आहे, आणि मुख्यतः अपलिंकबद्दल, म्हणजे मोबाइलकडून टॉवरकडे येणाऱ्या सिग्नलबद्दल. माझ्या कामाचा बहुतेक वेळ तिथेच गेला आहे.

नॉइज आणि इंटरफेरन्स यांत फरक काय? दोन्ही त्रासदायकच ना?

त्रासदायक दोन्ही, पण जात वेगळी. नॉइज उष्णतेतून येतो. सामान्य तापमानाला तो दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद) असतो. १० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलमध्ये त्याचे उणे १०४ डीबीएम होतात, आणि रिसीव्हर स्वतःची थोडी भर घालतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक अँटेनाच्या साखळीतला नॉइज स्वतंत्र असतो. पहिल्या अँटेनावर या क्षणी काय आलं यावरून दुसऱ्यावर काय आलं असेल, हे सांगता येत नाही.

इंटरफेरन्स म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी बोलणं. तो ठरावीक ठिकाणाहून निघतो, त्यामुळे सगळ्या अँटेनांवर त्याची एकमेकांशी जुळणारी छाप उमटते. पहिल्या अँटेनावरचा इंटरफेरन्स माहीत असेल, तर दुसऱ्यावरचा काढता येतो. आणि जे काढता येतं ते वजा करता येतं. या पानावरचं बाकी सगळं याच एका वाक्यातून निघालेलं आहे.

शेजारच्या टॉवरला वेगळी फ्रिक्वेन्सी दिली की प्रश्न मिटत नाही का?

मिटतो, आणि जीएसएमच्या (२जीच्या) काळात तसंच करत. हाती असलेला स्पेक्ट्रम शेजारच्या सेलांमध्ये, म्हणजे एकेका टॉवरच्या हद्दींमध्ये, वाटून टाकायचा आणि तीच फ्रिक्वेन्सी बऱ्याच अंतरावर पुन्हा वापरायची. पण असं वाटप केलं की प्रत्येक सेलच्या वाट्याला तुकडाच येतो. ३जी आणि एलटीई (४जी) यांच्यापासून प्रत्येक सेल पूर्ण पट्टा वापरतो. क्षमता वाढली, पण सेलच्या काठावरची शांतता गेली. काठावरचा आपला मोबाइल पूर्ण ताकदीने, म्हणजे साधारण २०० मिलिवॅटने, ओरडत असतो. हद्दीपलीकडचा शेजारच्या सेलचा मोबाइलही तितक्याच ताकदीने ओरडतो. आपल्या टॉवरपासून दोघांचं अंतर जवळपास सारखंच, त्यामुळे दोघंही सारखेच ऐकू येतात.

वजाबाकी नेमकी कशी होते? गणित न घाबरवता सांगाल का?

दोन अँटेना घ्या, एकमेकींपासून अर्ध्या तरंगलांबीवर. आपला मोबाइल अगदी समोर आहे. त्याची लहर दोन्ही अँटेनांवर एकाच वेळी पोहोचते, म्हणून दोन्हीकडे फेज, म्हणजे लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते, सारखी. नको असलेला मोबाइल समोरच्या रेषेपासून ३० अंश बाजूला आहे. त्याची लहर एका अँटेनावर आधी पोहोचते, दुसरीवर जरा उशिरा. हिशेब केला तर दोन अँटेनांमधला फेजचा फरक बरोबर ९० अंश येतो.

आता दुसऱ्या अँटेनाचा सिग्नल ९० अंशांनी फिरवा, म्हणजे त्यातला नको असलेला भाग पहिल्या अँटेनातल्या भागाशी तंतोतंत जुळेल. मग पहिल्यातून दुसरा वजा करा. नको असलेला मोबाइल शून्य झाला. आपला मोबाइल मात्र शून्य होत नाही, कारण त्याच्या दोन प्रती सारख्या होत्या आणि त्यातली एक आपण ९० अंश फिरवली. दोन्ही मिळून मूळच्या १.४ पट उरतात.

आकडे घालून बघू. (डेसिबल हे गुणोत्तराचं माप: ३ म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट.) समजा एकाच अँटेनावर आपला सिग्नल नॉइजपेक्षा २० डेसिबलने वर आहे आणि नको असलेलाही तेवढाच. एका अँटेनाने काम भागवलं, तर आपला सिग्नल आणि कचरा सारखेच, म्हणजे गुणोत्तर ० डेसिबल. दोन अँटेना नुसत्या जोडल्या, तर ३ डेसिबल. वजाबाकी केली तर २० डेसिबल. अँटेना तेवढ्याच, तारा त्याच, फक्त जोडण्याची रीत बदलली. पहिल्यांदा हे कागदावर सोडवलं तेव्हा मी दोनदा तपासलं होतं.

मग प्रत्येक वेळी पूर्ण शून्यच का करत नाही?

कारण त्याची किंमत मोजावी लागते. वरच्याच उदाहरणात नको असलेला मोबाइल ३० ऐवजी १० अंशांवर आणा. आता दोघांच्या फेजमधला फरक फक्त ३१ अंश राहतो. त्याला शून्य करायला गेलो की आपलाही बराच भाग त्याच्याबरोबर जातो: एका अँटेनाने जे मिळत होतं त्याहून आपला सिग्नल नॉइजच्या तुलनेत ८ डेसिबलने खाली येतो.

इंटरफेरन्स जोरदार असेल तर हा सौदाही परवडतो. पण तो जेमतेम नॉइजइतकाच असेल तर? तर नुसती बेरीज केल्यास साधारण १८.५ डेसिबल मिळतात आणि हट्टाने शून्य केल्यास ११.६. म्हणजे शून्याच्या हव्यासापायी ७ डेसिबल गेले. म्हणून चांगला रिसीव्हर शून्य शोधत नाही. तो नॉइज आणि इंटरफेरन्स मिळून जो कचरा उरतो, तो आपल्या सिग्नलच्या तुलनेत कमीत कमी कसा होईल ते शोधतो. या पद्धतीला एमएमएसई (मिनिमम मीन स्क्वेअर एरर) म्हणतात. समोरचा जोरात असेल तेव्हा ती आपोआप शून्याकडे झुकते, क्षीण असेल तेव्हा साध्या बेरजेकडे. मध्ये कुठलं बटण दाबायचा प्रश्नच येत नाही.

एमआरसी आणि आयआरसी ही नावं कायम ऐकू येतात. त्यांचा याच्याशी संबंध काय?

एमआरसी ही वरची बेरीज, आयआरसी ही वरची एमएमएसईची रीत. एमआरसी म्हणजे मॅक्सिमम रेशो कम्बाइनिंग: प्रत्येक अँटेनाचा सिग्नल फेजमध्ये आणायचा, जिथे सिग्नल चांगला तिथे जास्त वजन द्यायचं आणि बेरीज करायची. फक्त नॉइज असेल तर याहून चांगलं काही नाही. अँटेना दुप्पट झाल्या की ३ डेसिबलचा फायदा. चारला ६, आठला ९. आयआरसी म्हणजे इंटरफेरन्स रिजेक्शन कम्बाइनिंग: कचऱ्याची अँटेना-अँटेनांमधली जुळणी आधी मोजायची आणि मग वजनं ठरवायची. जॅक विंटर्स यांनी १९८४ मध्ये डिजिटल मोबाइल रेडिओसाठी हाच विचार मांडला, तेव्हा त्याला ऑप्टिमम कम्बाइनिंग म्हणत.

अँटेना किती, तर नको असलेले मोबाइल किती घालवता येतात?

पाठ्यपुस्तकातलं उत्तर: एकाने कमी. दोन अँटेनांनी एक, चारांनी तीन, आठांनी सात. प्रत्येक जण घालवताना हातातली एक मोकळीक खर्च होते आणि शेवटची आपल्या मोबाइलसाठी राखावी लागते.

इथे एक शंका नेहमी येते, की इमारतींवर आपटून एकाच मोबाइलचे दहा परावर्तित सिग्नल येतात, मग दहा अँटेना तिथेच खर्ची पडणार का? नाही. ओएफडीएममध्ये (पट्टा अनेक अरुंद लहरींत, म्हणजे सबकॅरिअरांत, वाटायची रीत) प्रत्येक सबकॅरिअर इतका अरुंद असतो की त्या दहा वाटांची बेरीज होऊन प्रत्येक अँटेनावर एकच आकडा उरतो. अ‍ॅरेच्या दृष्टीने तो एकच मोबाइल, एकच ठसा. मात्र तो मोबाइल एकाच वेळी दोन वेगळे डेटाप्रवाह पाठवत असेल, तर तो दोन धरायचा.

म्हणूनच मला ‘दिशा’ या शब्दापेक्षा ‘ठसा’ हा शब्द आवडतो. दोन मोबाइल टॉवरवरून अगदी एका रेषेत दिसत असले तरी त्यांची परावर्तनं वेगळी, म्हणून ठसे वेगळे, आणि ते वेगळे करता येतात. उघड्या माळावर, जिथे परावर्तनंच नाहीत, तिथे ही सोय राहत नाही.

दिशा मोजावी लागत नाही का मग?

बहुतेक वेळा नाही. दिशा काढायच्या पद्धती आहेत आणि सुंदर आहेत. म्युझिक आणि एस्प्रिट ही त्यांतली गाजलेली नावं. पण दाट वस्तीत एका मोबाइलची एक दिशा अशी काही नसतेच.

दोन अँटेनांमध्ये अंतर किती ठेवायचं?

अर्धी तरंगलांबी हे मूळ माप. ९०० मेगाहर्ट्झला ते सुमारे १७ सेंटिमीटर, ३.५ गिगाहर्ट्झला ४.३ सेंटिमीटर, २८ गिगाहर्ट्झला जेमतेम ५ मिलिमीटर. याहून बरंच जास्त ठेवलं तर दोन वेगळ्या दिशांकडून आलेल्या लहरी अ‍ॅरेला एकसारख्या दिसू लागतात. एका दिशेचा इंटरफेरन्स घालवताना दुसऱ्या दिशेचा आपला मोबाइलही जातो.

पण यालाही दुसरी बाजू आहे. उंच टॉवरला मोबाइलचा सिग्नल काही अंशांच्या अरुंद फटीतूनच येतो, त्यामुळे जवळजवळच्या अँटेनांवर तो एकदमच वाढतो आणि एकदमच बुडतो. एकीवर बुडाला तरी दुसरीवर असावा, असं हवं असेल तर दहा-वीस तरंगलांब्यांचं अंतर लागतं. इतकी जागा टॉवरवर कोण देणार? म्हणून एकाच पॅनेलमध्ये अधिक ४५ आणि उणे ४५ अंश झुकलेले दोन घटक बसवतात. अंतर शून्य, तरी दोन वेगळी मतं मिळतात.

आपलं कोण आणि परकं कोण हे रिसीव्हरला कसं कळतं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. अँटेनांच्या संख्येवर सगळे बोलतात, याच्यावर फार थोडे.

प्रत्येक मोबाइल डेटाच्या मध्येमध्ये पायलट पाठवतो, म्हणजे टॉवरला आधीच माहीत असलेली चिन्हं. त्यांच्यावरून आपल्या मोबाइलचा ठसा कळतो. मग तो ठसा गुणिले ती चिन्हं, एवढं आलेल्या सिग्नलमधून वजा करायचं. जे उरतं तो कचरा: नॉइज अधिक परके मोबाइल. हा कचरा कोणत्या अँटेनावर कोणाशी किती जुळतो याचा तक्ता करायचा. या तक्त्याला कोव्हेरियन्स मॅट्रिक्स म्हणतात आणि तो उलटवून, म्हणजे त्याचा इन्व्हर्स काढून, वजनं निघतात.

आता अडचण बघा. एलटीईच्या अपलिंकमध्ये एका मिलिसेकंदातल्या १४ चिन्हांपैकी २ पायलट असतात. एका रिसोर्स ब्लॉकमध्ये, म्हणजे पट्ट्याच्या वाटून द्यायच्या तुकड्यात, १२ सबकॅरिअर. म्हणजे एका ब्लॉकमागे कचऱ्याचे २४ नमुने मिळाले. रडारवाल्यांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं आहे, की आदर्श कामगिरीच्या सरासरी ३ डेसिबलच्या आत राहायचं तर अँटेनांच्या सुमारे दुप्पट नमुने हवेत. आठ अँटेनांना १६ हवेत. २४ आहेत, ठीक. चौसष्टला १२८ हवेत आणि हातात २४! इतक्या अँटेनांचा तक्ता त्या नमुन्यांवरून उलटवताच येत नाही. जबरदस्तीने उलटवला तर रिसीव्हर नसलेले शत्रू कल्पून त्यांच्याशी लढत बसतो.

उपाय दोन, बहुधा दोन्ही मिळून. चौसष्ट अँटेनांमधून आधी आठ-सोळा उपयोगी बीम (अनेक अँटेना जोडून केलेले, एकेका बाजूला ऐकणारे सिग्नल) तयार करायचे आणि वजाबाकी त्यांच्यातच करायची. शिवाय तक्त्याच्या कर्णावर थोडी भर टाकायची, म्हणजे अनिश्चित आकड्यांवर फार विश्वास ठेवला जात नाही. याला डायगोनल लोडिंग म्हणतात. एका ओळीचा बदल असतो, पण फरक मोठा पडतो.

शेजारचा सेल वेळेत जुळलेला नसेल तर?

तर पायलटच्या क्षणी एक परका मोबाइल बोलत असतो आणि डेटाच्या मधोमध दुसराच सुरू होतो. शिकलो एकाला, भेटला दुसरा. सेल एकमेकांशी वेळेत बांधलेले असले, की परका मोबाइल पूर्ण मिलिसेकंदभर तोच राहतो आणि शिकलेलं लागू पडतं.

कॅलिब्रेशन, म्हणजे अँटेनांच्या वाटा आपसात जुळवून घेणं, किती अचूक लागतं?

कशासाठी, यावर अवलंबून. वजाबाकी किती खोल जाईल हे चूक किती आहे त्यावर ठरतं. दोन अँटेनांच्या जोडीत फेज १ अंशाने चुकली तर परका मोबाइल सुमारे ३५ डेसिबलने दबतो, ५ अंशांनी चुकली तर २१, १० अंशांनी चुकली तर १५. पातळीत १ डेसिबलची चूक असली तरी १८ डेसिबलच्या पलीकडे जाता येत नाही.

पण आयआरसीला वेगळं कॅलिब्रेशन लागत नाही, हे अनेकांना पटत नाही. ज्या केबलमधून, ज्या फिल्टरमधून सिग्नल येतो त्याच वाटेने पायलटही आलेला असतो. वाटेतली प्रत्येक वाकडी गोष्ट ठशातच मोजली जाते. कॅलिब्रेशन लागतं ते दिशेवरून वजनं काढताना, किंवा अपलिंकवर शिकलेलं डाउनलिंकच्या (टॉवरकडून मोबाइलकडे) प्रक्षेपणासाठी वापरताना.

हे मी टेबलावरच शिकलो. दोन रिसीव्हर, ३.५ गिगाहर्ट्झ, सकाळी वजनं काढून गोठवून ठेवली. परका सिग्नल छान दबला होता. दुपारी पाहिलं तर तो पुन्हा डोकं वर काढून उभा. अर्धा दिवस सॉफ्टवेअर चाळलं. शेवटी एका केबलचा कनेक्टर पूर्ण आवळलेला नसल्याचं बोटाला लागलं. केबलच्या आत या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी साधारण ६ सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर सरकलं की ६ अंश. एवढ्यानेच वजाबाकी २० डेसिबलवर अडकते. वजनं दर मिलिसेकंदाला नव्याने काढली असती तर तो सैल कनेक्टर मला कधी दिसलाच नसता.

गाडीतला मोबाइल असेल तर वजनं शिळी होतात का?

होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३.५ गिगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी सुमारे अडीच मिलिसेकंदांत ओलांडते. तेवढ्यात ठसा पार बदललेला असतो. दर मिलिसेकंदाला नव्याने शिकणारा रिसीव्हर तग धरतो. दहा मिलिसेकंदांपूर्वीच्या वजनांवर चालणारा नाही.

मोबाइलच्या आतही हे जमतं का?

जमतं, पण जागा आणि बॅटरी दोन्ही तोकड्या. एलटीईच्या रिलीज ११ मध्ये (मानकाच्या अकराव्या आवृत्तीत) मोबाइलसाठी एमएमएसई-आयआरसी रिसीव्हरच्या कामगिरीचे निकष आले. दोन अँटेना असतील तर एक जोरदार शेजारी टॉवर घालवता येतो. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात सामान्य स्मार्टफोनला चार रिसीव्ह अँटेना असणं अपेक्षित आहे.

जीएसएममध्ये तर एका अँटेनावरही ही युक्ती चालवली होती. तिथल्या मॉड्युलेशनची (माहिती लहरीवर चढवायच्या रीतीची) माहिती एका वेळी एकाच अक्षावर मांडता येते, म्हणून सिग्नलचा वास्तव भाग आणि काल्पनिक भाग या दोन अँटेना आहेत असं समजून वजाबाकी केली. मला आजही ही कल्पना या क्षेत्रातली सगळ्यात देखणी वाटते.

मॅसिव्ह मायमो, म्हणजे टॉवरवर खूप साऱ्या अँटेना, आल्यावर इंटरफेरन्स संपला का?

थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये दाखवलं, की अँटेना अमर्याद वाढवल्या तर नॉइज आणि फेडिंग (सिग्नलचं वर-खाली होणं) दोन्ही विरून जातात. पण एक गोष्ट उरते. पायलटची चिन्हं मर्यादित असतात, म्हणून दूरच्या सेलमध्ये तीच पुन्हा वापरावी लागतात. मग टॉवर आपल्या मोबाइलचा ठसा शिकताना परक्याचाही थोडा मिसळून शिकतो आणि कितीही अँटेना असल्या तरी त्या परक्याकडेही कान लावून बसतात. याला पायलट कंटॅमिनेशन म्हणतात. २०१८ मध्ये ब्यॉर्नसन, होयडिस आणि सांगुइनेत्ती यांनी दाखवलं, की दोघांचे कोव्हेरियन्स पुरेसे वेगळे असतील आणि ते वापरून एमएमएसई केलं, तर ही मर्यादाही ओलांडता येते. म्हणजे पुन्हा गाडी तिथेच आली: किती अँटेना यापेक्षा काय शिकलो.

अ‍ॅरेला अजिबात जमत नाही असं काय?

वजाबाकी अंकांमध्ये होते, म्हणजे सिग्नलचे अंक झाल्यानंतर. एखादा फार मोठा सिग्नल शेजारच्या पट्ट्यातून येऊन अ‍ॅम्प्लिफायर किंवा एडीसीच (सिग्नलचे अंक करणारा भाग) संपृक्त करत असेल, तर अंक होण्याआधीच माहिती नासलेली असते. तिथे फिल्टरच हवा. गंजलेल्या किंवा सैल जोडांमधून स्वतःच्याच प्रक्षेपणामुळे जन्मणारा कचराही आधी पाना घेऊन दुरुस्त करावा.

साइटवर आयआरसी खरंच काम करतंय हे कसं ओळखायचं?

प्रत्येक अँटेना शाखेची (अँटेना आणि तिची रिसीव्हरपर्यंतची वाट) पातळी वेगवेगळी बघा, सरासरी बघू नका. एका दोन-अँटेनाच्या साइटवर तक्रारी फक्त संध्याकाळी यायच्या. दिवसभर आकडे उत्तम. अलार्म नाही, कॉल तुटत नव्हते, म्हणून कोणी खोलात गेलं नव्हतं. शाखा वेगळ्या काढून पाहिल्या तर एक मेलेली होती. एक शाखा गेली की साध्या बेरजेचं नुकसान ३ डेसिबलचं, ते दिवसा लक्षातही येत नाही. पण वजाबाकीला दोन लागतात. एकाच शाखेने ती होतच नाही. संध्याकाळी शेजारचा सेल भरला, की आपल्या रिसीव्हरकडे त्याला घालवायचं साधनच उरत नव्हतं. फीडर (अँटेनाची केबल) बदलला, त्याच संध्याकाळी तक्रारी थांबल्या.